ठाणावरचा टिका

पॅरिसच्या भिंतींवर चित्रकार ज्यूल शेरेची रंगीत पोस्टरं झळकू लागली, तेव्हा शौकीन मंडळी ती भिंतीवरून अलगद सोडवून घरी नेत. 1895 पासून तर निवडक पोस्टरांच्या छोट्या प्रती खास वर्गणीदारांसाठी छापल्या जाऊ लागल्या आणि मद्याची, सायकलींची जाहिरात कलादालनात मानाने जाऊन बसली. ती तिथे शोभतेही. तरी मला आपल्याकडचा शिळाछापाचा एक कागद अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात वर्धा जिल्ह्याचा कापूस गुंतलेला आहे.

अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूसपुरवठा तोडला आणि हिंगणघाटच्या कापसाला विलायतेत मागणी आली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. इकडून कापूस मुंबई बंदराकडे निघाला, तिकडून मँचेस्टरचं कापड आलं. त्या कापडाच्या ठाणावर शिळाछापाचा रंगीत कागद, म्हणजे टिका, चिकटवलेला असे. त्यावर कधी लक्ष्मी, कधी हत्ती, कधी वाघ. अक्षरओळख नसलेलं गिऱ्हाईकही छाप बघून माल ओळखी.

असा टिका भिंगाखाली धरून पाहावा. देवीच्या गालावरची छटा बारीक ठिपक्यांनी साधलेली दिसते. ठिपके हाताने दिलेले, म्हणून एकसारखे नाहीत. दर रंगाला वेगळा दगड लागे. एखादा छाप केसभर सरकला की ओठांची लाली ओठांबाहेर येई. एवढं कसब खर्ची पडलं ते आपलाच कापूस, आपलीच देवी पुढे करून, आपल्यालाच विकण्यासाठी. कसबाला दाद द्यावी, पण हा व्यवहार नजरेआड करू नये.

म्हणूनच संग्रह करणाऱ्याची जबाबदारी नुसतं सुंदर ते निवडण्याने संपत नाही. टिक्याच्या कडा कापू नयेत, मागचा गोंद खरवडू नये, कंपनीचं नाव झाकून फ्रेम करू नये. तो कुठे, कोणत्या मालासोबत मिळाला, हे लिहून ठेवावं. वर्ध्यात 1938 पासून मगन संग्रहालय चरख्याची आणि ग्रामोद्योगांची कहाणी सांगत आलं आहे. चरखा कोणत्या बाजारासमोर उभा ठाकला, हे नव्या पिढीला उमगायचं तर शेजारी हे टिकेही मांडले पाहिजेत.

हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या जुन्या कापड दुकानदारांना एवढीच विनंती, माळ्यावरची रद्दी विकण्याआधी एकदा उलगडून पाहा.