शरणागताचे रक्षण आणि ममतेचा त्याग

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेल्या आचारधर्माचा पाया अहिंसा होय. आपल्या हातून जीवहत्या घडत नाही, एवढ्यावरच पुष्कळांचे समाधान होते; परंतु लीळाचरित्रातील सशाची लीळा त्याच्या पुढे जाते. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा स्वामींच्या जानूतळी आला. स्वामींनी त्यास पारध्यांच्या हाती दिले नाही, पारध्यांस हिंसेपासून परावृत्त केले, आणि भय सरताच सशास जाऊ दिले. आश्रय, बोध आणि विसर्जन ही या लीळेची तीन अंगे होत. त्यांतील तिसऱ्याकडे साधकाचे लक्ष क्वचितच जाते.

संक्रांतीच्या सुमारास असा शरणागत पक्षिरूपाने दारी येतो. नायलॉनचा मांजा कुजत नाही. झाडांवर व तारांवर तो महिनोगणती लोंबत राहतो. त्यात सापडलेली घार जितकी फडफडते, तितका तो पंखात रुतत जातो.

येथे कोणी आक्षेप घेईल की, जीव आपले कर्मफळ भोगीत आहे. त्यात आपण का पडावे? यास समाधान असे : पक्ष्याचे कर्म पक्ष्याचे, परंतु तडफडणाऱ्या जीवाकडे पाठ फिरविणे हे पाहणाराचे कर्म होय, व त्याचे फळ त्यालाच भोगावे लागते. शिवाय मांजा मनुष्याने ताणलेला आहे.

तथापि अजाण दयाही घात करते. पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये. श्वासनलिकेचे मुख जिभेच्या मुळाशीच असल्यामुळे ते फुप्फुसात जाते. दूध पाजू नये. छाती आवळून धरू नये. ती हलल्यावाचून पक्ष्यास श्वास घेता येत नाही. रुतलेला दोरा ओढू नये. भोवतालचा तेवढा कापावा. मग फडक्यात अलगद घेऊन, छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात व शांततेत ठेवावे आणि त्वरित वनखात्यास कळवावे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर त्या खात्याचे वन्यजीव उपचार केंद्र आहे. अटनावरील साधूने तो पक्षी जवळच्या वासनिकाकडे सोपवावा आणि वासनिकाने पुढील व्यवस्था करावी.

खरी कसोटी यानंतरची आहे. बरा होऊ लागलेला पक्षी हातावर बसतो, ओळख दाखवितो, आणि 'हा आपला' अशी भावना मनात शिरते. भागवतातील राजा भरताने वाहून जाणारे हरिणाचे पाडस वाचविले, यात त्याचे काहीच चुकले नव्हते. परंतु त्याच पाडसात मन गुंतल्यामुळे त्यास हरिणाचा जन्म घ्यावा लागला. रानपक्षी पिंजऱ्यात बाळगणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही निषिद्ध आहे. पण कायदा हात अडवितो, मन ज्याचे त्यानेच आवरावयाचे असते. जी दया प्राण्यास आपलासा करून ठेवते, तिच्यात दात्याचे सुख मिसळलेले असते.

उरला बोध. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. वासनिकांनी आपल्या मुलांच्या हाती तो पडू देऊ नये आणि शेजाऱ्यासही प्रेमाने सांगावे. एक जखमी पक्षी उचलणे हे पुण्यच. परंतु दहा पक्षी जखमी न होऊ देणे हे त्याहून थोर. मग पंखांत बळ आलेला पक्षी ज्या दिवशी मागे न पाहता उडून जाईल, त्या दिवशी साधकाने संतोष मानावा. आश्रय दिला, बंधन घातले नाही. एवढेच त्याचे कर्तव्य होते.

॥ दंडवत प्रणाम ॥