उचंत खातं

ज्यांनी बँकेत नोकरी केली नाही त्यांना उचंत खातं म्हणजे काय ते ठाऊक नसतं, आणि त्याबद्दल त्यांनी देवाचे आभारच मानावेत. ज्या रकमेचा थांगपत्ता लागत नाही, जी चोराचीही म्हणता येत नाही आणि सावाचीही, तिला आम्ही खुलासा होईपर्यंत या खात्यात बसवून ठेवतो. इंग्रजीत याला सस्पेन्स म्हणतात. पोलिसांत सस्पेन्शन असतं. फरक एवढाच, की खुलाशाशिवाय आमची रक्कम जागची हलत नाही.

आमच्या बुलढाण्याच्या शाखेत मोताळ्याकडचा एक शेतकरी पीककर्जाला आला होता. कुठल्या बँकेचं, सोसायटीचं देणं नाही असे दाखले आणा म्हटलं. तो म्हणाला, "आनतो साहेब. पन मले एक सांगा, ठाणेदार बदलून येते तवा त्याले कोनाचा दाखला लागते?" मी शिक्का उचलला. अवघड प्रश्न आला की कारकुनाचा हात आपोआप शिक्क्याकडे जातो.

प्रश्न मात्र खरा होता. पासपोर्ट हवा असला की आपल्या चारित्र्याची पडताळणी पोलिस करतात. त्यांच्या चारित्र्याची नोंद होत नाही असं नाही. सेवापुस्तक असतं, गोपनीय अहवाल असतात. पण कधीकधी ते वाचणाऱ्यापासूनसुद्धा गोपनीय राहतात!

परभणीचा इंजिनिअर ख्वाजा युनूस 2002च्या डिसेंबरात घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात पकडला गेला. 2003च्या जानेवारीत पोलिस म्हणाले, जीपला अपघात झाला आणि तो पळाला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. कोठडीत त्याचा जीव गेल्याच्या प्रकरणात सचिन वाझे 2004 साली निलंबित झाले. 2020च्या जूनमध्ये, खटल्याचा निकाल लागण्याआधीच, आढावा समितीनं त्यांना परत घेतलं. कारण काय, तर करोनात माणसं कमी पडतात. घेतलं ते घेतलं, वर गुन्हे गुप्तवार्ता पथकही हाती दिलं. 2021च्या मार्चमध्ये अंबानींच्या घराजवळच्या स्फोटकांच्या गाडीच्या प्रकरणात एनआयएनं त्यांना अटक केली; मे महिन्यात ते बडतर्फ झाले. म्हणजे नोंद हरवली नव्हती. साऱ्या महाराष्ट्राला पाठ होती.

कोणी म्हणेल, आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. माणसाला जन्मभर एका नोंदीच्या खुंटीला बांधायचं का? बरोबर आहे. सोळा वर्षं निकाल न लागणं हा दोन्ही बाजूंवर अन्याय आहे. पण उचंतातली रक्कम खोटी ठरलेली नाही म्हणून ती आम्ही समोर येईल त्याच्या हाती ठेवत नाही. दोषी न म्हणणं वेगळं, आणि दुसऱ्याला कोठडीत टाकायचा अधिकार परत देणं वेगळं. आणि सोडून द्यायचंच तर ते कोणी? मॅनेजरनं स्वतःच्या खिशातले पैसे खुशाल सोडावेत. ठेवीदाराचे कसे सोडणार? परभणीतल्या आईचं येणं समितीनं परस्पर सोडलं.

अमेरिकेनं केंद्रीय पोलिसांच्या गैरवर्तनाची एकत्र वही 2023च्या डिसेंबरात उघडली आणि 2025च्या जानेवारीत मिटलीसुद्धा. आमची आवर्ती ठेवही याहून जास्त टिकते. तेव्हा नुसत्या वहीनं भागत नाही. आमच्याकडे व्हाउचर पास करणाऱ्याची सही लागते, आणि पुढे घोटाळा निघाला की आधी त्या सहीला बोलावतात. पोलिसाच्या नेमणुकीच्या कागदाखालीही 'मागची नोंद वाचली, तरी नेमतो' अशी नावानिशी सही असावी. खर्च काहीच नाही. अडचण एकच: अशी सही मागितली की भल्याभल्यांच्या पेनातली शाई नेमकी त्याच वेळी संपते.