संशयाची नोंद

एडनच्या आखातात शिरण्याआधी जहाजाचा कप्तान एक फॉर्म भरून पाठवतो. जहाजाचं नाव, आयएमओ क्रमांक, ध्वज, माल, वेग, पाण्यापासून डेकची उंची, माणसं किती आणि कोणत्या देशांची, सशस्त्र पहारेकरी आहेत की नाहीत. मग रोज एकदा जागा, दिशा आणि वेग कळवायचा आणि धोक्याचा पट्टा ओलांडला की शेवटचा निरोप. मधे काही संशयास्पद दिसलं तर त्याचा वेगळा अहवाल. हे सगळं मुख्यतः यूकेएमटीओ या ब्रिटिश नौदलाशी जोडलेल्या केंद्राकडे जातं. ते 2001 पासून चालू आहे. 2018 च्या अखेरीस गुरुग्रामला भारतीय नौदलाचं माहिती केंद्र सुरू झालं, तेव्हापासून हिंदी महासागरातले निरोप ऐकायला आपलेही लोक बसलेले असतात. मी हे फॉर्म बरीच वर्षं भरतो आहे, आधी सेकंड मेट म्हणून कप्तानासाठी आणि आता कप्तान म्हणून स्वतःच्या सहीने. ही व्यवस्था मुळात ऐच्छिक आहे. त्यामुळे तिथे काय लिहिलं आणि काय गाळलं याचा जाब बहुधा कुणी विचारत नाही. तो स्वतःलाच विचारावा लागतो.

अशा एका निरोपाने काय होतं हे 'लीला नॉरफोक'च्या वेळी साऱ्या देशाने पाहिलं. 4 जानेवारी 2024 च्या संध्याकाळी सोमालियाच्या पूर्वेला भर समुद्रात या जहाजावर पाच-सहा हत्यारबंद माणसं चढली. जहाजाने यूकेएमटीओला तसा संदेश टाकला. 21 जण, त्यांतले 15 भारतीय, सिटाडेलमध्ये, म्हणजे आतून बंद करून घेता येणाऱ्या मजबूत खोलीत जाऊन बसले. नौदलाचं टेहळणी विमान जहाजाच्या डोक्यावर पोचलं, 'आयएनएस चेन्नई' वळली आणि दुसऱ्या दिवशी मार्कोस कमांडोंनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. अहवाल हा कागदी सोपस्कार आहे असं कुणी म्हटलं की मला या 21 जणांची आठवण होते.

पण तो निरोप स्वतःचा जीव वाचवण्यासाठी होता, आणि तसा निरोप कोणीही पाठवेल. खरी परीक्षा धोका टळल्यावर होते. दोन होड्या वेगाने आल्या, अर्धा तास मागे लागल्या आणि परत गेल्या. आता त्या अहवालाचा मला काडीचा उपयोग नाही. तो उपयोगी आहे माझ्यामागून सहा तासांनी येणाऱ्या जहाजाला, ज्याचं नावही मला ठाऊक नाही. आणि कळवलं तर त्रास माझा: कंपनीचे फोन, विमावाल्यांचे प्रश्न, पुढच्या बंदरात चौकशी, कदाचित मुक्काम लांबणं. अशा वेळी 'काही झालं नाही ना, मग कशाला' हे वाक्य किती सहज सुचतं, हे मी स्वतःच्या मनात पाहिलं आहे. क्वालालंपूरचं आयएमबीचं चाचेगिरी नोंद केंद्र वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की अनेक घटना कळवल्याच जात नाहीत. ते न कळवणारे कप्तान वाईट माणसं नसतात. ते दमलेले असतात आणि त्यांना घरी जायचं असतं. मीही त्यांच्यातलाच आहे, फक्त मी कळवतो.

इथवर माझं मन मला फारसं टोचत नाही. टोचणी वेगळ्याच जागी आहे.

मी सिंधुदुर्गातला. आमच्या गावात तांडेल आणि खलाशी यांच्यातच मी वाढलो. मोठं जहाज जाळ्यावर येतंय असं दिसलं की मच्छीमार काय करतो हे मला सांगावं लागत नाही. तो इंजिन पूर्ण सोडतो, सरळ जहाजाच्या नाकासमोर धाव घेतो, हात हलवतो, ओरडतो. त्या जाळ्यात त्याचं कर्ज अडकलेलं असतं. ब्रिजच्या उंचीवरून दुर्बिणीतून पाहणाऱ्याला हेच दृश्य हल्ल्यासारखं दिसतं: छोटी होडी, मोठा वेग, चार-सहा माणसं, रोख आपल्याकडे. कप्तानांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तिकांतही ही सूचना आहे की मच्छीमार जाळी वाचवायला जवळ येऊ शकतात. शिडी दिसते का, आकडे दिसतात का, शस्त्रं दिसतात का, हे आधी बघावं.

2010 मध्ये जहाजउद्योगाने 'अतिधोक्याच्या क्षेत्रा'ची पूर्व सीमा 78 अंश पूर्व रेखांशापर्यंत आणली. मालवण साधारण 73 अंशांवर आहे. म्हणजे आमचा किनारा आणि माझ्या चुलत्यांच्या होड्या त्या नकाशात धोक्याच्या आत गेल्या. भारताने हरकत घेतली आणि डिसेंबर 2015 मध्ये ती रेषा 65 अंशांवर मागे गेली. पण त्याआधी 15 फेब्रुवारी 2012 ला केरळच्या किनाऱ्यापासून जेमतेम वीस सागरी मैलांवर 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या. ते म्हणत राहिले, आम्हाला चाचे वाटले. दोन मच्छीमार मेले. खटला दिल्लीपासून हेगपर्यंत फिरला आणि 2021 मध्ये 10 कोटी रुपयांच्या भरपाईनंतर सर्वोच्च न्यायालयाने तो बंद केला.

त्या गोळीबाराची बातमी आली तेव्हा मी संतापलो होतो, आणि तो संताप खरा होता. पण स्वतःला विचारायचा प्रश्न पुढे आहे. सोमालियासमोर, सोकोत्राजवळ, येमेनच्या किनाऱ्यालगत होडी दिसते, तेव्हा तिच्यातला माणूस मला मच्छीमार वाटतो का? तिथेही सुरमई आणि कुपा मासा आहे, तिथेही जाळी आहेत, कर्ज आहे. तरी मालवणसमोर जी होडी पाहून मी जाळं कुठे आहे ते शोधतो, तशीच होडी बाब-अल-मंदेबला दिसली की माझी नजर आधी शिडी शोधते. भूगोलामुळे हे योग्य आहे, असं मी स्वतःला समजावतो. काही अंशी ते खरंही आहे, तिथे माणसं पळवली गेली आहेत. 'अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर'चे सात भारतीय खलाशी 2010 ते 2014, चार वर्षं, सोमालियात ओलीस होते. खंडणी दिल्यानंतरही त्यांना सोडलं नव्हतं. त्यांच्या घरच्यांपुढे उभा राहून मी 'होडीतल्या माणसाचाही विचार करा' असं म्हणू शकेन का? शकेन, पण आवाज खाली ठेवून.

म्हणून माझ्या जहाजावर एक नियम आहे. संशयाच्या अहवालात डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाने ठरवलेलं एका वाक्यात येऊ द्यायचं नाही. होड्या दोन, माणसं पाच, शिडी दिसली नाही, शस्त्र दिसलं नाही, सर्वात जवळचं अंतर अमुक. आणि नंतर जाळी दिसली, तरंगते डबे दिसले, तर तितक्याच तातडीने दुसरा निरोप जातो की ते मच्छीमार होते. हा दुसरा निरोप पाठवायला ऑफिसर कुरकुरतात. पण पहिला निरोप इशारा होऊन दहा जहाजांच्या ब्रिजवर पोचलेला असतो, आणि त्यांतल्या काहींवर बंदुका असतात.

लाल समुद्राने मला याहून कठीण प्रश्न दिला आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'गॅलॅक्सी लीडर' हे जहाज पळवलं, त्यानंतर काही जहाजं एआयएसवर, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा प्रसारित करणाऱ्या यंत्रणेवर, गंतव्य बंदराच्या जागी लिहू लागली: सगळे खलाशी चिनी, इस्रायलशी संबंध नाही. मार्च 2024 मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वर हुथींच्या हल्ल्यात तीन खलाशी मेले, तेव्हा तसं लिहिणाऱ्यांना दोष देणं मला जमलं नाही. तरी त्या ओळीचा अर्थ मला दिसतो. आमच्यावर नको, म्हणजे दुसऱ्या कुणावर. मागून येणाऱ्या अनोळखी जहाजासाठी मी इतकी वर्षं अहवाल पाठवत आलो, आणि ही ओळ त्याच जहाजाकडे बोट दाखवते. उद्या कंपनीने मला तसं लिहायला सांगितलं, तर बावीस माणसांचा कप्तान म्हणून मी बहुधा लिहीन. हे उत्तर मला आवडत नाही, पण आज माझ्याकडे तेच आहे.