बेडी तुटली, मन पालटलें काय?



गुलामांच्या सुटकेची वार्ता ऐकून सर्वांनीं आनंद केला असेल असें आपणांस वाटेल. पण अमेरिकेंत तसें घडलें नाहीं. सन १८६१ मध्यें तेथील उत्तर व दक्षिण संस्थानांत युद्ध जुंपलें. १ जानेवारी १८६३ रोजीं अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनीं बंडांत असलेल्या प्रांतांतील दास मुक्त झाले असें जाहीर केलें.

तेव्हां उत्तरेच्या सैन्यांत दोन तट पडले. कित्येक शिपाई म्हणत, आम्ही देश अखंड राखण्यास आलों, काळ्यांच्या सुटकेसाठीं नव्हे. दुसरे म्हणत, ज्या पापानें हें युद्ध पेटविलें तें उपटल्यावांचून खरी शांति नाहीं. त्याच वर्षीं जुलैंत सक्तीच्या सैन्यभरतीवरून न्यूयॉर्क शहरांत दंगा उसळला. जमावानें आपला राग निरपराध काळ्या लोकांवर काढला, व त्यांच्या पोरक्या मुलांचा आश्रमही जाळून टाकिला.

त्याच महिन्याच्या १८ तारखेस मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीच्या काळ्या शिपायांनीं वॅग्नर किल्ल्यावर चाल केली. किल्ला हातीं आला नाहीं, पण त्यांचें धैर्य सर्वांस दिसलें. गोऱ्या शिपायास दरमहा १३ डॉलर मिळत. ह्यांस १०, आणि त्यांतूनही ३ कपड्यांसाठीं कापीत. असला पगार त्यांनीं नाकारिला, पण चाकरी सोडिली नाहीं. १८६४ सालीं सरकारास समान वेतन मान्य करावें लागलें. हळूहळू पुष्कळ गोऱ्या शिपायांचींही मनें वळलीं. त्याच वर्षींच्या निवडणुकींत बहुतेकांनीं लिंकन यांसच मत दिलें. डिसेंबर १८६५ मध्यें राज्यघटनेनें गुलामगिरी बंद केली. ह्या कार्याच्या गौरवार्थ जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेच्या लोकांस अर्पण केलें.

पौलानें अनेसिमास फिलेमोनाकडे परत पाठविलें, तेव्हां त्यास दास नव्हे, तर भाऊ समजून घरांत घ्यावें अशी विनंती केली. कायदा बेडी तोडूं शकतो. भाऊ म्हणून जवळ घेणें हें मनाचें काम आहे. तेव्हां न्यूयॉर्कच्या जमावास दोष देण्यापूर्वीं आपण आपलेंच अंगण पाहूं या. प्रभूच्या मेजाशीं आपण एकत्र बसतों. पण सोयरीक जुळवितांना जुनी जात विचारीत नाहीं काय? विहिरीवर, पंगतींत कोणास मागें ठेवीत नाहीं काय? उपदेशक बंधूंनो, हा प्रश्न प्रथम आपण स्वतःस विचारूं, आणि मग मंडळीस विचारूं.

प्रभु आपणां सर्वांस बंधुप्रीतीचें मन देवो. आमेन.