धर्माचा रकाना

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी शेजारून ताट येतं. पुरणपोळी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्या. चाळीस वर्षांचा शेजार, ताट परत पाठवणं मला जमत नाही. मूर्तीपुढून आलेलं म्हणून मी ते खातही नाही. संध्याकाळी दूधवाल्याच्या हाती देतो. यंदा ताट तसंच झाकून ठेवलं होतं आणि माझी भाची आली. तिचा नर्सिंगचा प्रवेश अडला होता. हातात प्लास्टिकची फाइल होती.

आम्ही चांदूर रेल्वेचे ख्रिस्ती, मूळचे मातंग. अकोला, खामगाव, अमरावती या पट्ट्यात अलायन्स मिशनची माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली, पाठोपाठ 1899-1900 चा दुष्काळ पडला आणि त्याच सुमारास आमच्या घरात बायबल आलं. आधी बायबल आलं की आधी भाकर, हे गावानं आम्हाला पुष्कळदा विचारलं आहे. मी शाळामास्तर होतो, आता निवृत्त. रविवारच्या शाळेत प्रकटीकरणातली सात मंडळ्यांची पत्रं मी शिकवतो. भाचीही त्याच वर्गात शिकली.

"मामा, ताट काहून झाकून ठेवलं? खा ना."

"मूर्तीपुढचं आहे, माय. तुले माहीत आहे."

"माहीत आहे, म्हणूनच पुसून रायली." तिनं फाइल उघडली. "मंग हे पाहा."

कोतवाल बुकाची नक्कल होती. माझ्या आजोबांच्या नावापुढे जात लिहिलेली, 1950 च्या कितीतरी आधीची, म्हणजे पडताळणी समितीला हवी तशी. शाळेची टीसी होती. आणि एक प्रतिज्ञापत्र, त्यात धर्माचा रकाना. रकान्यात पेन्सिलनं 'हिंदू' लिहिलेलं.

"बाबांनी लिहून देलं. म्हणाले, वरून पेन फिरव अन् एसडीओ ऑफिसात देऊन ये. दोन वर्षांआधी तुमच्यासमोर मी बाप्तिस्मा घेतला, मामा. आता सांगा."

मी तेच सांगितलं, जे माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं आणि मी अनेकांना सांगत आलो आहे. "कागद सरकारचा असते, पोरी. आत्मा देवाचा. कागदावर काय लिहिलं त्यानं आत्म्याले डाग लागत नाही."

ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "पर्गमच्या पत्रात त्या निकलाइतांची शिकवण कोणती होती?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला. पर्गम, आजचं तुर्कस्तानातलं बेर्गामा. औगुस्त बादशहाचं आणि रोमचं देऊळ तिथं इसवी सनापूर्वी 29 मध्ये उभं राहिलं. त्या शहरातल्या मंडळीनं ख्रिस्ताचं नाव सोडलं नव्हतं, अंतिपा मारला गेला तेव्हाही नाही. पत्रात त्यांचं हे कौतुक आधी येतं. तक्रार नंतर येते, की तुमच्यात बलामाची शिकवण धरणारे आहेत, तशीच निकलाइतांची धरणारेही. बलामाला इस्राएलाला शाप देता आला नाही, पण मवाबी मेजवान्यांना त्यांना बोलावण्याची युक्ती त्यानं दिली. निकलाइतांचं स्वतःचं लिखाण काही उरलेलं नाही. वर्गात मी सांगतो ते असं: देहानं काय केलं त्याला महत्त्व नाही, आतला माणूस शुद्ध असला की झालं, असं म्हणणारे ते लोक असावेत.

"असंच शिकवता ना तुम्ही?" ती म्हणाली. "मंग आत्ता जे बोलले ते कोणाचं होतं?"

ओट्यावरच्या ताटाकडे माझी नजर गेली.

"थांब," मी म्हटलं. "हे इतकं सोपं नाही. त्याच सातातलं थुवतीरेचं पत्र पाय. रंगारी, कुंभार, चांभार, तांब्याचं काम करणारे, बेकरीवाले, सगळ्यांचे संघ होते त्या गावात. त्यांचे कोरलेले दगड सापडले आहेत. संघाचं जेवण देवासमोर व्हायचं. जेवणाले गेलं नाही तं धंदा कसा टिकेल? उद्या आपल्याकडे जिनिंगचा मुहूर्त आहे, नारळ फुटते, अन् तिथं काम करणारा आपला माणूस बाजूले उभा रायला तं मुकादम काय म्हणीन? जे तिथं जेवले ते सगळे दुष्ट नव्हते. लेकरं होती त्यांले."

"म्हंजे जेवणं पाप नव्हतं?"

"पौल करिंथकरांले सांगते की मूर्ती म्हंजे काहीच नाही, पण तुह्या खाण्यानं दुबळ्या भावाची श्रद्धा ढळत असेल तं खाऊ नको. यरुशलेमच्या सभेनं तं सरळ सांगतलं, मूर्तीले वाहिलेलं टाळा. पहिल्याच पिढीत दोन उत्तरं होती."

"पण थुवतीरेच्या पत्रात राग जेवणाऱ्यावर कमी अन् शिकवणाऱ्या बाईवर जास्त आहे. ईजबेल म्हटलं तिले. तिले पश्चात्तापाले वेळ देला, तिनं घेतला नाही."

माझ्याच वर्गातलं वाक्य होतं ते. पण त्याचं टोक कुठं लागतं हे मी कधी तपासलं नव्हतं. भिऊन वाकलेला माणूस वेगळा. वाकलेल्या पाठीला उंची म्हणायला शिकवणारा वेगळा. थुवतीरेच्या पत्रात या शिकवणीला 'खोल गोष्टी' जाणणाऱ्यांची शिकवण म्हटलं आहे. आपल्या मनाचा कमकुवतपणा खोल ज्ञान म्हणून दुसऱ्याच्या हाती द्यायचा, हे मी किती जणांच्या बाबतीत केलं ते मोजायला बसलो तर संध्याकाळ पुरली नसती.

"पर एक आहे, मामा," तिचा आवाज चढला. "त्या कागदावरची जात खोटी नाही. बाप्तिस्म्यानंतर आपल्याले मांग म्हणणं गावानं सोडलं का? भाड्यानं खोली पाह्यले गेली तं आडनाव पुसत्यात, चर्च कोणी पुसत नाही. अन् चर्चमधे तरी काय? ताईची सोयरीक आली तं पाहुण्यांनी पहिलं काय पुसलं? तुम्ही कोणत्या जातीतले ख्रिस्ती. पास्टरसमोर पुसलं. कोणी पर्गमचा धडा काढला नाही तवा."

ते खरं होतं. मंडळीत जातीला आम्ही मागच्या दारानं आत घेतलं आणि पुढच्या दारी नारळावर पहारा ठेवला. यावर मी आजवर एकही रविवार बोललो नाही.

"म्हणून तं," ती म्हणाली, "अर्धा कागद खरा, अर्धा खोटा. जात खरी, धर्म खोटा. सरकार म्हणते दोन्ही एकाच सहीत दे."

1950 चा अनुसूचित जातींचा आदेश मला तोंडपाठ आहे. चर्चमधल्या निम्म्या घरांना तो माहीत आहे, मोठ्यानं कोणी म्हणत नाही. तिसरा परिच्छेद, कोणत्या धर्माचा माणूस अनुसूचित जातीचा धरायचा ते सांगणारा. आधी फक्त हिंदू, 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर. मद्रासमध्ये फुटपाथवर चपला शिवणारा सूसाई नावाचा माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला, कारण चांभारकाम करणाऱ्यांना मिळणारी टपरी तो ख्रिस्ती म्हणून त्याला नाकारली होती. 1985 मध्ये तो हरला. न्यायालयाचं म्हणणं, नव्या धर्मातही जातीचा जाच तितकाच तीव्र राहतो हे सिद्ध झालं पाहिजे. रंगनाथ मिश्र आयोगानं 2007 मध्ये धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. अट तशीच राहिली. नोव्हेंबर 2024 मध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, मनानं ख्रिस्ती असून केवळ सवलतीसाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. हे मी तिला सांगितलं.

"फसवणूक म्हणाले?" तिनं विचारलं.

"हो. त्याच्यावर मी लय इचार केला. फसवणूक कोणी कोणाची केली, तो इचार."

"आपल्या शेजारच्या बौद्धांचं कसं? 1956 ले नागपुरात दीक्षा घेतली. केंद्राची सवलत 1990 ले परत आली."

"चौतीस वर्षं. त्यातल्या किती जणांनी घरात बुद्ध अन् कागदावर हिंदू ठेवलं. किती जणांनी नाही ठेवलं, नोकरी गेली तरी. दोघांचीही लेकरं आज एकाच विहारात बसतात."

मला कार्थेज आठवलं. तिला मी सांगितलं. रोमच्या देकियस बादशहानं इसवी सन 250 मध्ये हुकूम काढला, प्रत्येकानं देवांना बळी द्यायचा, साक्षीदारांसमोर, आणि दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत, पपायरसवर. मी कायम देवांना बळी देत आलो, आत्ताही तुमच्यासमोर दिला, अशा अर्थाचा मजकूर, खाली सही. कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी न देताच लाच देऊन दाखला विकत घेतला. हात स्वच्छ, कागद मळका. छळ थांबला आणि हे सगळे मंडळीच्या दारात येऊन उभे राहिले.

"मंग?"

"रोममधे नोवातियन म्हणाला, एकालेही आत घेऊ नका. कार्थेजचा बिशप सिप्रियन, त्यानं 251 ले सभा भरवली. ठरलं की नुसता दाखला घेणारा अन् बळी देणारा एका मापानं मोजायचा नाही. प्रत्येकाचं वेगळं ऐकायचं."

"सिप्रियननं स्वतः दाखला घेतला होता का?"

"नाही. तो लपून बसला होता. त्याच्यावरून लोक त्याले बोललेही. सात-आठ वर्षांनी, 258 ले, दुसऱ्या बादशहाच्या काळात, तो पकडला गेला. त्या वेळी पळाला नाही. मान देली."

"म्हंजे ज्यानं दुसऱ्याचं ऐकून घेतलं, तो स्वतः एकदा भिला होता."

"हो."

मग मी तिला ते सांगितलं जे तिच्या आईला, माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी स्पष्ट सांगितलेलं नाही. माझी शाळेतली नोकरी अशाच कागदावर लागली. रकान्यात हिंदू, पेनानं, माझ्या अक्षरात. वर्ग चालवत राहिलो, पगार घेत राहिलो, आता पेन्शन घेतो. त्या नोकरीवर दोन घरं उभी राहिली, त्यातलं एक तिचं. त्याबद्दल मला पश्चात्ताप आहे का, हे मला नीट सांगता येत नाही. उपाशी राहायला हवं होतं असं मी म्हणू शकत नाही. पण 'कागद सरकारचा, आत्मा देवाचा' हे वाक्य मी तयार केलं, देवाच्या नावावर खपवलं, त्याबद्दल पश्चात्ताप आहे. भिऊन सही केली, एवढंच मी लोकांना सांगायला हवं होतं. तेवढं खरं होतं. त्या खऱ्यावर कोणाला तरी माझ्याशी भांडता आलं असतं.

"मंग मी सही केली तं तुम्ही मले वर्गातून काढान का?"

"नाही."

"अन् नाही केली, प्रवेश गेला, तं?"

"तं मी मोठा धडा शिकवीन तुह्यावर, अन् फी भरणार नाही. चर्चवाले असंच करतात." माझा आवाज जड झाला. "म्हणून तसं करणार नाही. ओपनमधून मिळत असेल तं फी मी भरीन. पण तुले मी एकही बाजू सांगत नाही. सही केली तं भिऊन केली म्हण, देवाले त्याच्यात ओढू नको. नाही केली तं ज्यांनी केली त्यांच्या अंगावर ते फेकू नको."

"आणि सरकार?"

"सरकारले पुसत राहू. ते आपलं सगळ्यांचं काम आहे, तुह्या एकटीचं नाही."

तिनं विचारलं, "रविवारी पर्गमच आहे ना?"

"आहे."

"तुम्हीच शिकवान?"

"आधी दाखला दाखवीन. मंग लोक म्हणतील तं शिकवीन."

"पेन्शनचं?"

यावर मी गप्प राहिलो. तिनंही ताणलं नाही. ड्रॉवरमध्ये शाळेच्या काळातलं खोडरबर होतं, ते मागून घेतलं, वापरलं नाही, फाइलच्या खिशात टाकलं. मग उठून ताटावरचं झाकण काढलं, पुरणपोळीचे दोन तुकडे केले, एक माझ्यासमोर धरला. आम्ही दोघांनी खाल्लं. आंबील गार झाली होती, तरी चांगली होती.

तिनं ताट घासलं, पुसलं.

"रिकामं नाही देत ना परत? काय घालू?"

डब्यात साखर होती. ती घातली, आणि ती भिंतीपलीकडे काकूंकडे गेली.