अध्यापकाचा आत्मविश्वास

महाविद्यालयांत नव्यानें रुजू झालेल्या तरुण अध्यापकाला वडीलधाऱ्यांकडून जो उपदेश मिळतो, त्यांत "आत्मविश्वास बाळगा" हें वाक्य बहुधा पहिलें असतें. वर्गांत पाऊल टाकतांना मान ताठ असावी, आवाज खणखणीत असावा, अडचणीचा प्रश्न आला तरी चेहऱ्यावर गोंधळ दिसूं नये, अशी त्या उपदेशाची फोडहि करून सांगण्यांत येते. उपदेश करणाऱ्यांच्या हेतूविषयीं मला शंका नाहीं. परंतु आत्मविश्वास हा मनुष्यानें ठरविला म्हणजे येतो काय, आणि तो आलेला नसतां आल्याचें दाखविणें नीतीला धरून आहे काय, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत निबंधांत त्यांचाच थोडा विचार करावयाचा आहे.

आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतों. पदार्थविज्ञानाची उच्च पदवी घेऊन मी एका महाविद्यालयांत शिकवूं लागलों, तें माझें पहिलेंच वर्ष होतें. नेमणूक तासिका तत्त्वावर होती. म्हणजे घेतलेल्या तासांचाच मोबदला मिळावयाचा, आणि पुढच्या वर्षीं बोलावणें येईलच असा भरंवसा नाहीं. एके दिवशीं उष्णतेचा पाठ चालला असतां मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, तवा बेताचा तापलेला असला तर पाण्याचा थेंब चर्र करून लगेच उडून जातो, पण तोच तवा फार तापला म्हणजे थेंब गोळी होऊन नाचत राहतो आणि उलट उशिरां संपतो. असें कां?" प्रश्न घरच्या चुलीपुढचा होता, माझ्या कोणत्याहि परीक्षेंत तो कधीं आला नव्हता. मला उत्तर ठाऊक नव्हतें. तरी मीं खणखणीत आवाजांत सांगितलें कीं हा पृष्ठताणाचा परिणाम आहे, आणि फळ्याकडे वळलों. मुलीनें तें वहींत लिहून घेतलें.

त्या रात्रीं पुस्तकें चाळलीं तेव्हां खरें कारण उमगलें. तवा फार तापलेला असला म्हणजे थेंबाच्या तळाची तत्क्षणीं वाफ होते. ती वाफ थेंबाला तव्यापासून किंचित् उचलून धरते, आणि वाफेंतून उष्णता फार मंद वाहत असल्यामुळें थेंब बराच वेळ टिकून राहतो. लायडेनफ्रॉस्ट नांवाच्या जर्मन वैद्यानें १७५६ सालींच या प्रकाराचें वर्णन करून ठेविलेलें आहे. दुसऱ्या दिवशीं हें वर्गांत सांगावयास हवें होतें. मीं तें सांगितलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं नाहीं, आणि चौथ्याहि दिवशीं नाहीं. पांचव्या दिवशीं मात्र राहवेना. "त्या दिवशीं मला उत्तर ठाऊक नसतांना मीं उत्तर दिलें, आणि तें चुकीचें होतें," असें म्हणतांना माझा घसा कोरडा पडला होता. वर्ग हसला नाहीं. त्या मुलीनें वही उघडून एक ओळ खोडली आणि विचारलें, "मग तवा नेमका किती तापला म्हणजे वाफ थेंबाला उचलूं लागते?" हेंहि मला ठाऊक नव्हतें, पण या खेपेस "पाहून सांगतों" हे शब्द मला जड गेले नाहींत.

मधले तीन दिवस मी कशाला भीत होतों? अज्ञानाची भीति असती तर ती उत्तर सांपडतांच नाहींशी व्हावयास पाहिजे होती. भीति होती ती अज्ञान उघडें पडण्याची. म्हणजे पहिल्या दिवशीं ज्याला मी आत्मविश्वास समजत होतों, तें भीतीनेंच घेतलेलें सोंग होतें. आणि सोंगाचा स्वभाव असा कीं तें टिकविण्यासाठीं मनुष्याला कांहीं जागा टाळाव्या लागतात. अपरिचित विषय शिकवावयास घेणें, सहाध्यापकांपुढें आपला कच्चा विचार मांडणें, हुशार विद्यार्थ्याला बोलतें करणें, या साऱ्या त्या जागा होत. आणि अध्यापकाची वाढ व्हावयाची तर ती याच ठिकाणीं होते. तेव्हां विश्वासाचें सोंग हें वाढीच्या वाटेवरचा धोंडाच ठरतें. शिवाय त्या सोंगाची किंमत आपण एकटे देत नाहीं. ती दुसऱ्याच्या वहींत खोटी ओळ होऊन बसते. येथें हा प्रश्न स्वभावाचा न राहतां नीतीचा होतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. ज्याचें पोट पुढच्या नेमणुकीवर अवलंबून आहे, त्यानें चूक कबूल करण्याचें धाडस कोणत्या बळावर करावें? मी तीन दिवस गप्प राहिलों त्याचें तेंहि एक कारण होतें. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० च्या नियमांनीं अध्यापकाच्या कामाला गुणांक देण्याची रीत घातली. २०१८ सालीं ती पुष्कळ बदलली. पण मधल्या काळांत पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें फोफावलीं, आणि प्रमाणपत्रांची जाड फाइल म्हणजेच उन्नति, ही समजूत मागें उरली. ज्याच्या पायाखालची जमीन हलती ठेविलेली आहे त्याला ताठ उभें राहावयास सांगणें म्हणजे आपला दोष त्याच्या माथीं मारणें होय.

या बाबतींत पुण्याचा एक जुना दाखला विचार करण्याजोगा आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ त निघाली व पुढच्याच वर्षीं तिनें फर्ग्युसन कॉलेज काढलें. तिचे आजीव सभासद दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षें शिकविण्याचें बंधन पत्करीत. वेतन थोडें होतें; परंतु जागा पक्की होती, आणि संस्थेचा अंतर्गत कारभारहि तेच पाहत. टिळक १८९० च्या अखेरीस सोसायटींतून बाहेर पडले, तेव्हां गणित शिकविण्यासाठीं १८९१ त धोंडो केशव कर्वे यांना बोलावण्यांत आलें. मुरुडाहून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठीं पायीं गेले असतां, वय लहान दिसतें म्हणून ज्यांना एकदां परत पाठविण्यांत आलें होतें, तेच हे गृहस्थ. टिळकांच्या रिकाम्या जागीं उभें राहणें हें कोणालाहि दडपण आणणारें होतें. कर्वे त्या जागीं १९१४ पर्यंत शिकवीत राहिले. मध्यंतरीं १८९३ त त्यांनीं विधवेशीं विवाह केला. गांवानें बहिष्कार घातला, पण कॉलेजांतील जागा गेली नाहीं.

गोखल्यांचें उदाहरण याहून बोलकें आहे. प्लेगच्या बंदोबस्तांतील सैनिकांनीं पुण्यांत स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनीं १८९७ त विलायतेंत प्रसिद्ध केला. परत आल्यावर पुरावा देतां येईना, तेव्हां उघडपणें बिनशर्त माफी मागितली. लोकांनीं त्यांना भ्याड ठरविलें. तरी ते फर्ग्युसनमध्यें शिकवीत राहिले, आणि पांच वर्षांनीं, १९०२ त, वरिष्ठ कायदेकौन्सिलांतील अंदाजपत्रकावरच्या भाषणानें त्यांनीं आपलें स्थान पुन्हा मिळविलें. हीं माणसें मुळांतच धीराचीं होतीं, हें मान्य. पण धीराच्या माणसालाहि पडल्यावर पुन्हा उभें राहावयास जागा लागते, आणि ती त्यांना होती.

म्हणून माझें मत असें बनलें आहे कीं अध्यापकाचा आत्मविश्वास ही निम्मी त्याची कमाई आणि निम्मी संस्थेची देणी असते. कमाई करावयाची रीत साधी आहे: उद्यांच्या पाठाची कसून तयारी करावी, आणि तयारी जेथें संपते तेथें ती संपली असें सांगावें. हें एकदां केल्यानें कोणी शूर होत नाहीं. दहा वेळां केल्यावर मात्र प्रश्न विचारणारा हात वर झालेला पाहून छाती धडधडेनाशी होते. देणी फेडावयाची ती संस्थेनें. तोंवर तासिकेवर राबणाऱ्या तरुणाला भित्रा म्हणण्याचा अधिकार आम्हां पक्क्या जागांवर बसलेल्यांना नाहीं.

मीहि आतां वडीलधाऱ्यांत मोडतों, आणि नवे अध्यापक माझ्याकडेहि उपदेशासाठीं येतात. "आत्मविश्वास बाळगा" हें वाक्य मीं सोडून दिलें आहे. "ठाऊक नसेल तें ठाऊक नाहीं म्हणा, त्यापायीं तुमच्या नेमणुकीला धक्का लागूं देणार नाहीं," असें त्यांना सांगावें, असें मनांत येतें. वाक्याचा पूर्वार्ध मी सहज बोलतों. उत्तरार्ध बोलतांना तोच जुना कोरडा घसा आठवतो; कारण तो खरा करून दाखविण्याचें काम अजून बाकी आहे.