शेजारच्याची जागा

"मामा, १९६८ साली आयव्हन सदरलँडनं संगणकानं रचलेली दृश्यं दाखवणारं, डोक्याला लावायचं पहिलं यंत्र केलं, ते छताला टांगावं लागायचं. २०२४ मध्ये आलेलं अ‍ॅपलचं व्हिजन प्रो सहा-साडेसहाशे ग्रॅमचं. उद्या चष्म्याएवढं होईल, किंमतही उतरेल. मग घरोघरी जाईलच की!"

"वजनाचं मला काही नाही," मी म्हणालो. "डोळे झाकून बसलेल्याच्या शेजारी जो बसलाय, त्याचं काय? अ‍ॅपललाही ते खुपलं असणार. त्याशिवाय का बाहेरच्या बाजूला आणखी एक पडदा लावून त्यावर आतल्या माणसाचे डोळे दाखवले? तेही खरे नव्हेत, यंत्रानं रचलेले. घरात वस्तू रुळते ती चारचौघांची झाली की. टीव्हीसमोर अख्खी आळी बसायची."

"आणि मोबाइल? तो कुठे चारचौघांचा आहे? तरी रुळलाच. पुस्तक हातात असलं की तूही आजीच्या तीन हाकांना ओ देत नाहीस."

"चौथ्या हाकेला मान वर करतो."

"व्हिजन प्रोमध्येही जवळ आलेला माणूस आपोआप दिसू लागतो."

"तो कॅमेऱ्यानं टिपलेला. शेजारचा माणूस मला कॅमेऱ्यामार्फत कशाला हवा?"

"चष्म्याशिवाय तुला माझा चेहरा तरी दिसतो का?"

"माझ्या भिंगातून मला तू दिसतेस आणि तुलाही माझे डोळे दिसतात."

"मग मेटानं २०२५ मध्ये आणलेला रे-बॅनचा चष्मा घे. पडदा एका काचेतच, डोळे उघडे."

"ते डोळे माझ्याकडे पाहताहेत की काचेवरची अक्षरं वाचताहेत, कसं कळावं?"

"ते आजही कळत नाही, मामा. माणसं समोर बसून दुसरीकडे असतातच."

मला उत्तर सुचेना. तिनं विषयच बदलला. "आजी दोन वर्षं खाटेवर आहे. तिला या यंत्रातून चंद्रभागेचं वाळवंट दाखवलं, तर तू कुठे बसशील?"

"तिचा हात धरून."

"मग आक्षेप उरला कुठे?"

"हात कुणाचा, ते तिला दिसणार नाही."

"आईला मुलाचा हात न बघताही कळतो."

यावर मी बोललो नाही. पण मनातली भीती गेली नाही: हात धरायला कुणीच नाही, अशा घरांत हे यंत्र सगळ्यांत आधी रुळेल.